पेनड्राइव्ह भरला, नाटक राहिलं

(गेल्या वर्षीच्या गणेशोत्सवातील व्याख्यानमालेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



सर्वप्रथम विद्येच्या आणि कलांच्या अधिपतीला, श्री गणरायाला वंदन करतो. आपल्याकडे नाटकाचा पडदा उघडण्याआधी नांदीत त्याचं नाव घेतात. आज मी नाटकाबद्दलच बोलणार आहे, तेव्हा तो प्रघात मीही पाळतो.

आपल्या कार्यवाहांचा फोन आला तेव्हा मी लाइनवर होतो. ते म्हणाले, "साहेब, यंदा एक दिवस तुमचा. रेल्वे रुळांची देखभाल, प्रवाशांची सुरक्षितता, असं काहीतरी बोला." मी म्हटलं, "इंग्रजी नाटकांच्या अभ्यासाला इंटरनेटवर साहित्य कसं शोधावं, यावर बोलू का?" पलीकडे जी शांतता पसरली, ती ब्लॉक मागितल्यावर कंट्रोलरकडून पसरते तशी होती. मग ते जपून म्हणाले, "तुम्ही डिप्लोमावाले ना?"

होय, मी डिप्लोमावालाच. स्थापत्य शाखेचा, मराठी माध्यमातला. डिप्लोमाच्या पहिल्या वर्षी इंग्रजीचं पुस्तक उघडलं की घाम फुटायचा. पुढे नोकरीत इंग्रजी सर्क्युलरं वाचता वाचता कामापुरती भाषा आली. शेक्सपिअरशी माझा संबंध एवढाच, की त्याचं नाव ऐकलं होतं. त्यामुळे आज मी इथे प्राध्यापक म्हणून उभा नाही. एका विद्यार्थिनीचा हमाल म्हणून उभा आहे. ती विद्यार्थिनी तिसऱ्या रांगेत बसली आहे आणि मी काय बोलतो याकडे तिचं बारीक लक्ष आहे.

आमच्या सौ. २००१ साली बी.ए. झाल्या, इंग्रजी साहित्य हा विषय घेऊन. एम.ए. करायचं मनात होतं. पण मग लग्न, माझ्या बदल्या, सासूबाईंचं आजारपण, मुलीची शाळा, अशी एकामागून एक स्टेशनं येत गेली आणि ती गाडी साइडिंगला उभी राहिली ती राहिलीच. २०२२ साली, एकवीस वर्षांनी, तिने दूरस्थ शिक्षणातून एम.ए. इंग्रजीला नाव घातलं. फॉर्म भरून झाल्यावर म्हणाली, "अहो, पुस्तकं, नोट्स, नेटवरचं काय काय असेल ते तेवढं तुम्ही बघा. मला त्यातलं समजत नाही."

मी ते काम अंगावर घेतलं आणि इंजिनिअरच्या पद्धतीने केलं. म्हणजे काय, तर मटेरियल जमा केलं. रोज रात्री बसून डाउनलोड. नाटकांच्या पीडीएफ, कुणाच्या तरी नोट्स, प्रश्नोत्तरं, व्हिडिओ, सिनेमे. सहा महिन्यांत एक अख्खा पेनड्राइव्ह भरला. फोल्डरला नंबर दिले, यादी केली. डेपोत खडीचे ढीग लागले की कसं समाधान वाटतं, तसं मला वाटायचं.

जून २०२३ मध्ये परीक्षा झाली. बाकीचे पेपर निघाले. नाटकाच्या पेपरात सौ. ना ३३ गुण. पास व्हायला ४० हवे होते.

त्या दिवशी ती रडली नाही. पुस्तकं कपाटात ठेवली आणि म्हणाली, "राहू द्या आता. वय झालं." मी म्हटलं, "अगं, मी एवढं सगळं आणून दिलं होतं..." त्यावर तिने जे उत्तर दिलं ते सांगण्यासाठीच मी हे भाषण स्वीकारलं. ती म्हणाली, "तुम्ही आणलंत सगळं. पण त्यात नाटक मी वाचलं कुठे? मी नोट्सच वाचत बसले."

खरं होतं ते. पेनड्राइव्ह भरला होता, नाटक राहिलं होतं.

दोन दिवसांनी मी प्रश्नपत्रिका घेऊन तिच्याशेजारी बसलो. आमच्याकडे कुठे अपघात झाला की चौकशी होते, कुठला भाग आधी तुटला ते शोधतात. तशीच चौकशी केली. तिने काय लिहिलं ते आठवून सांगायचं, आणि मी ते मूळ नाटकाशी ताडून बघायचं.

पहिलंच प्रकरण बर्नार्ड शॉच्या 'पिग्मॅलियन'चं. आपल्या सगळ्यांना ते पु. ल. देशपांड्यांच्या 'ती फुलराणी'मुळे ठाऊक आहे. सौ. ला भक्ती बर्वे यांच्या भूमिकेची आठवण, त्यामुळे हे नाटक आपलंच असा तिचा समज. वेळ कमी होता म्हणून तिने 'माय फेअर लेडी' हा १९६४ चा सिनेमा पाहिला, मीच डाउनलोड केलेला. आणि पेपरात लिहिलं, की शेवटी एलायझा परत येते आणि प्रोफेसर हिगिन्स तिला आपल्या सपाता कुठे म्हणून विचारतो. हा शेवट सिनेमाचा आहे. शॉच्या नाटकात सपाता आहेत, पण त्या चौथ्या अंकात, आणि एलायझा त्या हिगिन्सला फेकून मारते! नाटकाच्या शेवटी ती निघून जाते. लोकांना ते दोघं एकत्र यायला हवे होते, म्हणून शॉने १९१६ च्या आवृत्तीत नाटकाला मोठा उत्तरभाग जोडला आणि एलायझा फ्रेडीशी लग्न करते, हिगिन्सशी नाही, असं स्पष्ट लिहिलं. लेखकाने पाय रोवून जे नाकारलं, तेच आमच्या सौ. नी उत्तरपत्रिकेत लिहून दिलं. परीक्षकाने गुण द्यायचे कशाचे?

दुसरं प्रकरण मार्लोच्या 'डॉक्टर फॉस्टस'चं. मी तिला नाटकाची एक प्रिंट काढून दिली होती. आणि एक व्याख्यान डाउनलोड केलं होतं. त्या व्याख्यानात ब्रूनो नावाच्या पात्राबद्दल पुष्कळ बोलणं होतं. प्रिंटमध्ये ब्रूनो कुठेच नाही! तिला वाटलं, आपली पानं गहाळ झाली. तीन दिवस ती ब्रूनोला शोधत होती. मग आत्मविश्वासच गेला आणि तो प्रश्न तिने सोडून दिला.

हा ब्रूनोचा घोळ मला कळला तेव्हा मात्र मी चमकलो, कारण तो माझ्या धंद्यातला होता. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी मी एका टर्नआउटचे स्लीपर जुन्या ड्रॉइंगवरून मांडायला लावले होते. ड्रॉइंगचा नंबर बरोबर होता, पण कोपऱ्यात लिहिलेला आल्टरेशन नंबर मी पाहिलाच नव्हता. अर्धा दिवस वाया गेला आणि वरून जे ऐकून घ्यावं लागलं ते इथे सांगण्यासारखं नाही. तेव्हापासून ड्रॉइंग हातात आलं की माझी नजर आधी कोपऱ्यात जाते.

बंधू-भगिनींनो, इंग्रजी नाटकांनाही आल्टरेशन नंबर असतात. मार्लो वारला १५९३ मध्ये. त्याचं 'डॉक्टर फॉस्टस' छापलं गेलं १६०४ मध्ये, आणि पुन्हा वेगळ्या रूपात १६१६ मध्ये. अभ्यासक यांना 'ए' आणि 'बी' पाठ म्हणतात. दुसऱ्यात पहिल्यातल्या ३६ ओळी नाहीत आणि ६७६ ओळी नव्या आहेत. ब्रूनो आहे तो या दुसऱ्यात. मधल्या काळात, १६०२ मध्ये, हेन्स्लो नावाच्या नाटकधंद्यातल्या माणसाने दोन लेखकांना या नाटकात भर घालण्याबद्दल चार पौंड दिल्याची नोंद त्याच्या हिशेबाच्या वहीत आहे. म्हणजे आमच्या करेक्शन स्लिपाच त्या! सौ. च्या हातात होता पहिला पाठ, आणि व्याख्याते बोलत होते दुसऱ्यावर. दोघंही बरोबर, आणि मधल्या मध्ये विद्यार्थिनी नापास.

'हॅम्लेट'चं तर याहून मोठं. त्याची १६०३ ची पहिली क्वार्टो, १६०४-०५ ची दुसरी, आणि १६२३ च्या फोलिओतली, अशी तीन रूपं आहेत. पहिली दुसरीच्या जवळपास निम्मी आहे. तिच्यात पोलोनियसचं नावसुद्धा वेगळं, कोरॅम्बिस. ते जगप्रसिद्ध स्वगतही वेगळ्या शब्दांत आणि वेगळ्या जागी येतं. आज जे 'हॅम्लेट' आपण वाचतो ते बहुतेक वेळा संपादकांनी दुसरी क्वार्टो आणि फोलिओ समोर ठेवून तयार केलेलं असतं.

ही फोलिओ म्हणजे काय तेही सांगतो. शेक्सपिअर १६१६ मध्ये गेला. त्यानंतर सात वर्षांनी, १६२३ मध्ये, हेमिंग्ज आणि कॉन्डेल या त्याच्या दोन सहकारी नटांनी त्याची ३६ नाटकं एकत्र छापून घेतली. त्यातली अठरा तोवर छापलेलीच नव्हती. 'मॅकबेथ' त्यातलंच. हे दोन मित्र नसते तर शिरवाडकरांना 'राजमुकुट' लिहायला 'मॅकबेथ' मिळालं नसतं. ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयाने आपल्याकडच्या फोलिओची पानन् पान छायाचित्रं २०१३ मध्ये नेटवर खुली केली. चारशे वर्षांपूर्वीचं ते पान, त्यावरचे डाग, घासलेल्या कडा, हे सगळं आम्ही रेल्वे क्वार्टरच्या स्वयंपाकघरात बसून पाहिलं. सौ. ने कणकेचे हात पुसून पडद्याजवळ वाकून पाहिलं आणि म्हणाली, "हे किती जणांनी वाचलं असेल हो!"

कपाटातली पुस्तकं पुन्हा बाहेर आली ती त्या संध्याकाळी. डिसेंबर २०२३ ची परीक्षा द्यायची ठरली. मी पेनड्राइव्ह पुसून टाकला आणि पहिल्यापासून सुरुवात केली. या खेपेला मटेरियल घेण्याआधी तपासायचं, असं ठरवलं. आमच्या खात्यात तपासणीचे नियम असतात, तसे मी पाच नियम केले. तुमच्यापैकी कुणाच्या घरी इंग्रजी साहित्याचा विद्यार्थी असेल तर उपयोगी पडतील.

पहिला नियम: आधी नाटक, मग नाटकाविषयी. मूळ नाटकं मिळण्याच्या खात्रीच्या जागा थोड्याच आहेत आणि फुकट आहेत. सगळ्यांत जुनी 'प्रोजेक्ट गुटेनबर्ग'. मायकेल हार्ट या अमेरिकन माणसाने ती १९७१ मध्ये सुरू केली, म्हणजे आपल्यापैकी अनेकांच्या जन्माआधी. मार्लो, बेन जॉन्सन, सिंज, शॉ, सगळे तिथे आहेत. 'फॉस्टस'चे दोन्ही पाठ आहेत आणि कुठला १६०४ च्या क्वार्टोवरून, कुठला १६१६ च्या, ते शीर्षकातच लिहिलेलं आहे. मी ते वाचलं नव्हतं, हा दोष माझा. शेक्सपिअरसाठी अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेच्या साइटवर १९९३ पासून सगळी नाटकं आहेत. साधं पान, जाहिरात नाही, मंद नेटवरही उघडतं. पण टिपा नाहीत. अभ्यासाला त्याहून चांगली वॉशिंग्टनच्या फोल्जर शेक्सपिअर लायब्ररीची. तिथे बार्बरा मोवॅट आणि पॉल वर्स्टाइन या संपादकांचा पाठ मिळतो. फोलिओत कुठल्या ओळी आहेत आणि क्वार्टोत कुठल्या, हे तिथे निरनिराळ्या कंसांनी दाखवलेलं असतं. ते कंस पाहून मला इतका आनंद झाला, की मी सौ. ला म्हटलं, "हा माणूस आमच्या ड्रॉइंग ऑफिसात पाहिजे होता!"

दुसरा नियम: आवृत्ती बघा आणि ठिकाण लिहा. आम्ही रूळ तुटल्याची खबर देताना 'अमक्या स्टेशनजवळ' असं म्हणत नाही. किलोमीटर नंबर आणि त्यापुढे खांबाचा नंबर देतो. नाटकाचंही तसंच: अंक, प्रवेश, ओळ. पण लक्षात ठेवा, गद्य संवादांच्या ओळी प्रत्येक आवृत्तीत पानाच्या रुंदीप्रमाणे मोडतात, त्यामुळे नंबर जुळत नाहीत. म्हणून एका नाटकाला एकच आवृत्ती धरायची आणि शेवटपर्यंत तीच वापरायची.

तिसरा नियम: मालक कोण ते बघा. आपल्या कायद्याप्रमाणे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क राहतो, आणि ती साठ वर्षं पुढच्या कॅलेंडर वर्षापासून मोजतात. मार्लो, शेक्सपिअर, जॉन्सन यांचा प्रश्नच नाही. शॉ १९५० मध्ये वारला, म्हणजे २०११ पासून त्याची नाटकं भारतात मोकळी झाली. एलियट १९६५ मध्ये गेला, म्हणजे त्याचं 'मर्डर इन द कॅथीड्रल' २०२५ संपेपर्यंत हक्कातलं. बेकेट १९८९ चा आणि ऑस्बोर्न १९९४ चा, तेव्हा 'वेटिंग फॉर गोदो' आणि 'लुक बॅक इन अँगर' यांची गाडी अजून लांब आहे. जुन्या नाटकाचंही, आजच्या संपादकाने लिहिलेली प्रस्तावना आणि टिपा हक्कातल्या असू शकतात. पहिल्या खेपेला मी या नाटकांच्या स्कॅन केलेल्या प्रती कुठून कुठून उतरवल्या होत्या. एकीत सोळा पानं गायब, दुसरी वाकडी. चोरीचा मालही धड नव्हता! दुसऱ्या खेपेला दोन पुस्तकं विकत घेतली आणि तिसरं कॉलनीतल्या एका निवृत्त बंगाली शिक्षिकेने दिलं. सोबत रोज संध्याकाळचा चहाही दिला आणि पुस्तकाबद्दल जे सांगितलं ते कुठल्याच साइटवर नव्हतं. तेव्हा नेटवर जे नाही ते शेजारी विचारा, हे याच नियमाचं पोटकलम समजा.

चौथा नियम: शब्द ओळखीचा दिसला तरी तपासा. अवघड शब्द माणूस कोशात बघतो. घात करतात ते सोपे शब्द. शेक्सपिअरच्या इंग्रजीत 'प्रेझेंटली' म्हणजे थोड्या वेळाने नव्हे, लगेच. 'फाँड' म्हणजे बऱ्याच ठिकाणी मूर्ख. 'व्हेअरफोर' म्हणजे कुठे नव्हे, का. ज्ञानेश्वरी वाचताना आपल्याला हाच अनुभव येतो, शब्द आजचा वाटतो आणि अर्थ सातशे वर्षांपूर्वीचा असतो. यासाठी अलेक्झांडर श्मिट या जर्मन विद्वानाचा एकोणिसाव्या शतकातला शेक्सपिअर शब्दकोश अमेरिकेतल्या टफ्ट्स विद्यापीठाच्या 'पर्सियस' या साइटवर आहे. डेव्हिड आणि बेन क्रिस्टल या बापलेकांचा 'शेक्सपिअर्स वर्ड्स' हा कोशही नेटवर आहे.

पाचवा नियम: अवतरण मूळ नाटकात सापडल्याशिवाय वहीत उतरवायचं नाही. हा नियम आम्ही एका प्रसंगानंतर केला. आमची मुलगी तेव्हा बारावीत. ती म्हणाली, "आई, हे एआयला विचार ना, एका मिनिटात सांगेल." विचारलं. फॉस्टसच्या पश्चात्तापाबद्दल झकास उत्तर आलं, मध्ये फॉस्टसच्या तोंडची दोन वाक्यंही होती. भाषा अगदी तशीच, जुनी, भारदस्त. सौ. ने ती वहीत उतरवली. मी म्हटलं, थांब, ठिकाण काय? अंक, प्रवेश, ओळ? गुटेनबर्गच्या दोन्ही पाठांत शोधलं. एकातही ती वाक्यं नाहीत! मार्लोने ती लिहिलीच नव्हती. मुलीचा चेहरा बघण्यासारखा झाला. मी यंत्राला दोष देत नाही. कठीण उतारा समजावून घ्यायला ते उपयोगी पडतं, आम्ही नंतरही वापरलं. पण साक्षीदार म्हणून त्याला उभं करायचं नाही. शेक्सपिअरचं अवतरण तपासायला 'ओपन सोर्स शेक्सपिअर' नावाची साइट आहे. शब्द टाकला की तो कुठल्या नाटकात, कुठल्या ओळीत आला ते दाखवते.

आता नाटकाविषयीचं साहित्य. इग्नूच्या 'ई-ज्ञानकोश'वर अभ्यासक्रमांचे पाठ फुकट वाचता येतात. यूजीसीच्या 'ई-पीजी पाठशाला'वर इंग्रजीचा वेगळा विभाग आहे. आयआयटी खरगपूरने उभारलेलं राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय आहे. परदेशातल्यांपैकी ऑक्सफर्डच्या एमा स्मिथ या प्राध्यापिकेची 'अप्रोचिंग शेक्सपिअर' ही ध्वनिव्याख्यानं सौ. ला फार आवडली. एका व्याख्यानात एक नाटक आणि त्या नाटकाबद्दलचा एकच प्रश्न. ती पोळ्या करताना ऐकायची. आणि 'लिब्रिवॉक्स' नावाची एक साइट आहे, तिथे जगभरचे हौशी लोक जुनी पुस्तकं वाचून ध्वनिमुद्रण करतात, विनामूल्य. सिंजचं 'द प्लेबॉय ऑफ द वेस्टर्न वर्ल्ड' कागदावर वाचताना आम्हाला त्यातली आयरिश खेड्याची इंग्रजी दगडासारखी लागत होती. कानाने ऐकली तेव्हा वऱ्हाडी ऐकल्यासारखी वाहू लागली. नाटक हे कानाचं काम आहे, हे तिथे पटलं.

आणखी एक. नेटवरचं सगळं तिथेच राहील, असं धरून चालू नका. अभ्यासाच्या ऐन दिवसांत एका मोठ्या परदेशी ग्रंथालयाची पानं अचानक बंद पडली आणि आमच्या अर्ध्या खुणा वाया गेल्या. कामाचं जे असेल ते हाताने वहीत लिहून ठेवा. वही हँग होत नाही.

पण हे सगळं झाल्यावरही मुख्य काम शिल्लक होतं, वाचण्याचं. सौ. म्हणाली, "एकटीने वाचते तेव्हा झोप येते. तुम्ही बसाल का?" मग रात्री साडेनऊ ते सव्वादहा अशी वेळ ठरली. मी फॉस्टस, ती मेफिस्टोफिलिस, आणि मुलगी अभ्यासातून उठून उरलेली सगळी पात्रं. खरं सांगतो, एवढ्या वर्षांच्या नोकरीत मी चार लोकांसमोर इंग्रजी मोठ्याने वाचलं नव्हतं. मीटिंगमध्ये अहवाल वाचायची वेळ आली की मी कागद शेजारच्याकडे सरकवत असे. घरात सुरुवातीला आवाजच फुटेना. मुलगी उच्चार सुधारायची, आणि चूक झाली की दोघी हसायच्या. पंधरा दिवसांनी मीही हसायला लागलो.

फॉस्टस सैतानाशी करार करतो तो चोवीस वर्षांचा. ते वाचलं तेव्हा माझ्या नोकरीला तेवीस वर्षं झाली होती. सौ. शांतपणे म्हणाली, "अजून एक वर्ष आहे तुम्हाला." 

शेवटचा प्रवेश आम्ही नोव्हेंबरातल्या एका रात्री वाचला. फॉस्टसची मुदत रात्री बाराला संपते. घड्याळात अकराचे ठोके पडतात आणि त्याचं शेवटचं स्वगत सुरू होतं. मध्येच साडेअकरा होतात, मग बारा. एक तास मार्लो काही मिनिटांत संपवतो. बंधू-भगिनींनो, मला ते कुणी समजावून सांगायची गरज पडली नाही. मी ब्लॉकमध्ये काम करणारा माणूस आहे. दोन तासांचा ब्लॉक मिळतो. पहिला दीड तास कसा जातो कळत नाही. मग शेवटची वीस मिनिटं उरतात, रूळ अजून उघडा असतो, कंट्रोलचा फोन वाजायला लागतो, माणसं धावत असतात, आणि घड्याळाचा काटा असा पळतो की वाटतं, कुणीतरी त्याला धरून ठेवा. फॉस्टस नेमकं तेच मागतो, वेळ थांबू दे. मी वाचता वाचता थांबलो. आवाज जड झाला होता. सौ. ने पुस्तक माझ्या हातातून घेतलं आणि उरलेल्या ओळी तिने वाचल्या.

चारशे वर्षांपूर्वीच्या इंग्रज माणसाला माझ्या ब्लॉकची शेवटची वीस मिनिटं कशी ठाऊक, हा प्रश्न मला त्या रात्री पडला. एम.ए. इंग्रजीत बहुधा हाच प्रश्न विचारत असावेत, निरनिराळ्या शब्दांत.

डिसेंबरची परीक्षा झाली. निकाल लागला तेव्हा मी लाइनवरच होतो. सौ. चा फोन आला. "अहो, अठ्ठावन्न." मी म्हटलं, "मिनिटं?" म्हणाली, "गुण!" ट्रॅकमन मंडळींना मी समोशांची ऑर्डर दिली. का, ते त्यांना कळलं नाही. मलाही नीट सांगता आलं नाही.

जाता जाता एक गोष्ट. आपण ज्या उत्सवात बसलो आहोत त्याला सार्वजनिक रूप देणारे लोकमान्य टिळक आणि त्यांचे मित्र गोपाळ गणेश आगरकर यांनी १८८२ मध्ये डोंगरीच्या तुरुंगात एकशे एक दिवस एकत्र काढले. दोघांचे पुढे टोकाचे मतभेद झाले, ते आपल्याला ठाऊक आहेत. त्या आगरकरांनी १८८३ मध्ये 'हॅम्लेट' मराठीत आणलं, 'विकारविलसित' या नावाने. पुढे देवलांनी 'ऑथेल्लो'चं 'झुंझारराव' केलं. नेट नव्हतं, कोश महाग, वीज नाही. पण मूळ नाटक समोर होतं आणि ते ओळीओळीने वाचायची तयारी होती. आज आपल्याकडे बाकी सगळं आहे. तेवढी तयारी मात्र डाउनलोड करता येत नाही.

महाराष्ट्रापासून दूर राहणाऱ्या आपल्यासारख्यांच्या घरात अशा पुष्कळ गाड्या साइडिंगला उभ्या असतील. कुणाचं गाणं, कुणाचं संस्कृत, कुणाची राहिलेली पदवी. सिग्नल द्यायला घरातलंच कुणीतरी लागतं. त्या माणसाला विषय यायला हवा असं नाही. रात्री पाऊण तास शेजारी बसता आलं तरी पुरे.

काही चुकलं असेल तर तिसऱ्या रांगेतून घरी गेल्यावर कळेलच. गणपती बाप्पा मोरया!